दोन ट्रॉल्यांचं लायसन

रामहरी माझा धाकटा भाऊ. ट्रॅक्टरचा गिअर कसा टाकायचा हे त्याला मी शिकवलं, आणि यंदा ऊसतोडीची टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर न्यायचा मान त्याला मिळाला. मला नाही. नुसतं सांगतानाही माझ्या पोटात दुखतं.

निघायच्या आदल्या दिवशी आमचे मुकादम आबासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वाल्मिक, औंदा राज्याबाहेर जायचंय. मागं दोन ट्रॉल्या. नाक्यावर अडवलं तर तुझं नुसत्या ट्रॅक्टरचं लायसन चालायचं न्हाई. जड वाहनाचं लागतंय, ते रामहरीकडं हाय."

इतकी वर्षं मी राहात्याच्या कारखान्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या, तेव्हा कुणाला नियम सुचला नाही.

ते लायसन काढायला मीही गेलो होतो. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरनं भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला आणि मला खालच्या ओळी दिसेनात. घरी मी सांगितलं, कागद कमी पडले. रामहरी गेला आणि पहिल्याच खेपेला पास होऊन आला. त्यानं पेढे वाटले. मी दात दुखतो म्हणून पेढा घेतला नाही.

निघताना ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं नारळ फोडायचा आणि घरच्या थोरल्या सुनेनं त्याला ओवाळायचं, ही आमची रीत. थोरली सून म्हणजे माझी बायको, सविता. त्या सकाळी तिनं रामहरीला कुंकू लावलं, तेही हसत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, "हद्दीपर्यंत मी चालवतो. नाक्याच्या अलीकडं जागा बदलू. आपल्या राज्यात कोन इचारतंय?"

रामहरी लगेच सीटवरून उतरला. "चालव की दादा. माझं काय न्हाई."

त्याच्या या चांगुलपणाचाच मला जास्त राग येतो. मी पाय वर टाकणार, तेवढ्यात सविता ताट घेऊन मधे उभी राहिली.

"भावजी, बसा तुमी. तुमीच न्या."

चारचौघांत, माझी बायको. मी मागच्या ट्रॉलीत चढलो आणि कारखान्यावर राहायला बांधायच्या कोपीच्या बांबूंना टेकून बसलो. ती शेजारी येऊन बसली. एरवी ती माझ्याजवळ मडगार्डवर बसायची आणि वाटभर तोंड चालू: समोरून डंपर हाय, पुढं खड्डा हाय, म्हातारा आडवा येतोय. मी वैतागायचो. आज आपण होऊन बोलायचं नाही असं ठरवलं. तिनं मनवावं एवढीच माझी इच्छा होती.

मिरजगाव यायच्या आत ती बोचक्यावर डोकं टाकून झोपली. रामहरीनं करकचून ब्रेक मारला तरी जागी झाली नाही.

मला सहन होईना. मी तिला हलवलं. "लई गाढ झोप लागली गं. माझ्या गाडीवर कधी डोळा लागला न्हाई तुझा."

"कसा लागंल?" ती डोळे न उघडताच म्हणाली. "तुमाला लांबचं दिसत न्हाई. तुमच्या वाटचं मलाच बगावं लागायचं."

तिनं कूस बदलली आणि पुन्हा झोपली. रामहरीचं लायसन मी एक वेळ गिळलं असतं. त्याच्या गाडीवर तिला आलेली ही झोप मात्र मला गिळता येईना.