जास्तीची दाढ

"ह्यांचे दात माझ्याच चकलीने मोडले," अन्नपूर्णाकाकूंनी दवाखान्यात शिरता शिरता सांगून टाकलं. "भाजणी बिघडली होती."

"मग मी खामखा बोलत होतो का?" यज्ञेश्वरशास्त्री खुर्चीत टेकत म्हणाले. खालचे दात उजवीकडे हलत होते, त्यामुळे शब्द फुसफुसत होते.

दंतवैद्य सुमंतने दिवा जवळ ओढला.

शास्त्रीबुवा दूधविनायक मोहल्ल्यात वेदपाठ शिकवत. काढायची-घालायची कवळी त्यांना नको होती. जेवताना ती हातात आली की उष्टं-खरकटं आलंच. म्हणून शहाण्णव साली सुमंतने त्यांच्या खालच्या जबड्यात पुढे पाच इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे धातूचे खुंट, बसवले आणि त्यांवर दातांची धातूची पट्टी स्क्रूंनी आवळली. मागच्या हाडात जागा नव्हती. तिथे पट्टी सज्जासारखी अधांतरी राहणार होती. जबडा पुढून सपाट असल्याने पाचही इम्प्लांट जवळजवळ एका ओळीत आले होते, आणि अशा वेळी सज्जा आखूड ठेवायचा असतो, नाहीतर चावताना सगळा ताण शेवटच्या स्क्रूवर येतो. हिशेब बारा मिलिमीटरचा होता.

पण मापं घेताना काकू म्हणाल्या होत्या, "सुमंत, मागे एक दाढ जास्त दे रे. दिवाळीची चकली ह्यांनी कधीपासून खाल्ली नाही." शिकत असताना तो त्यांच्याच घरी जेवत असे. त्याने वीस मिलिमीटर केले.

पुढच्याच दिवाळीत शेवटच्या इम्प्लांटवरचा स्क्रू तुटला.

"आता पेज देते ह्यांना," काकू म्हणाल्या. "चकली बंदच केली मी."

सुमंतने हातमोजे काढले. "काकू, चकलीने नाही झालं. पट्टी मी लांब केली. पोळीनेही स्क्रू तुटलाच असता."

"म्हणजे हिला उगाच बोललो?" शास्त्रीबुवा हसले.

काकू हसल्या नाहीत. "तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"मग 'नाही' का म्हटलं नाहीस?"

"तुम्ही मागितली होती."

"दात ह्यांच्या तोंडात बसवायचे होते. मन माझं कशाला राखलंस?"

सुमंतने पुन्हा हातमोजे चढवले. त्याने तुटका स्क्रू काढला, पट्टी उतरवली, दोन्हीकडची शेवटची दाढ कापली, कडा घासून नवा स्क्रू घातला आणि पट्टी पुन्हा आवळली.

शास्त्रीबुवांनी एक ऋचा म्हणून पाहिली. काकूंनी डोळे मिटून ऐकली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आणखी काही आमच्यासाठी म्हणून केलंयस का? असेल तर आत्ताच सांग."

"नाही, काकू," सुमंत म्हणाला. तरी त्याने दिवा पुन्हा ओढला आणि एकेक स्क्रू पहिल्यापासून तपासू लागला.