बिनसबबीचं मैदान

आमच्या हिला परसात रिंग टेनिसचं मैदान हवं होतं, आणि तेही असं की त्याच्याबद्दल कुणाला ब्र काढता येऊ नये. कारण तिची थोरली बहीण आमच्याकडे राहायला येणार होती. कॉलेजात असताना रिंग टेनिसच्या अंतिम सामन्यात या दोघीच समोरासमोर आल्या होत्या. शेवटच्या गुणाला ही घसरून पडली आणि ढाल ताईंनी नेली. तेव्हापासून ढालीचा विषय निघाला की ही शांतपणे एवढंच म्हणते, "मैदान ओलं होतं." आमच्या पहिल्या भेटीत मी तिला छंद विचारले होते, तेव्हाही मला हेच उत्तर मिळालं होतं.

शेजाऱ्यांचं मत बॅडमिंटनच्या बाजूने होतं. पण आमच्या परसातला वारा असा, की बॅडमिंटनचं फूल एकदा मारलं की ते त्यांच्याच गच्चीवर मुक्कामाला जातं. रबरी रिंग वाऱ्याला दाद देत नाही. तेवढ्यावर तो वाद मिटला.

ज्या कंत्राटदाराला काम दिलं, त्याला सगळे 'लेव्हल' म्हणत. हा गृहस्थ पाणसळ खिशात घेऊन हिंडे. आल्याबरोबर त्याने ती आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली, बुडबुड्याकडे बघून सुस्कारा सोडला आणि चहा प्यायला, पण नाराजीनेच.

"सरळ काँक्रीट टाकू या की," मी म्हटलं.

"काका, माती काळी आहे. पावसात फुगणार, उन्हाळ्यात तडकणार. तुमचं काँक्रीट बिस्किटासारखं मोडेल."

मग मांडीइतकं खोल खणून काळी माती बाहेर काढली. तिचा ढीग पुढच्या दारात पडला, त्यामुळे काही दिवस आम्ही स्वतःच्या घरात तिरके होऊन शिरत होतो. खड्ड्यात मुरमाचे थर पडले. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग पुढचा थर. सूर्य कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून मैदान उत्तर-दक्षिण आखलं. पाणी साचू नये म्हणून मधे किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतार ठेवला. आयुष्यभर सपाटीची भक्ती केलेल्या लेव्हलला तो उतार देताना किती यातना झाल्या, हे मी जवळून पाहिलंय. कडेला चर खणला, वरून चाळलेली लाल माती दाबून बसवली. मैदान इतकं उत्तम झालं की मी काळजीत पडलो.

इतकी वर्षं हिच्याकडे निदान ओलं मैदान होतं. यावर हरली तर काय म्हणणार?

लेव्हलला बाजूला घेऊन मी विचारलं, "एखादा कोपरा जरा मऊ ठेवता येईल का?"

"मऊ? कशाला?"

"संसाराला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला विष कालवायला सांगितलं होतं. तो पाणसळ घेऊन जो गेला, तो थेट बिल द्यायलाच आला.

शेवटी ताई येण्याच्या आदल्या दुपारी ही जरा आडवी झाली आहे असं बघून मी बादली उचलली आणि मागच्या कोपऱ्यात ओतायला लागलो. दुसरी बादली अर्धी झाली तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, काय चाललंय?"

"पाणी मारतोय. मैदानाला मारावं लागतं अधूनमधून."

"एकाच कोपऱ्याला?"

खोटं बोलायला मला हल्ली वेळ लागतो. "हरलीस तर म्हणायला काहीतरी असावं म्हणून."

"म्हणजे मी हरणार असं वाटतंय तुम्हाला?"

मी उरलेली अर्धी बादली कडेच्या चरात रिकामी केली. पण ती चिडली नाही. मैदानाच्या कडेला बसली.

"मी घसरले म्हणून हरले की ती चांगली खेळली म्हणून, हे मला अजून माहीत नाही हो. एकदा कळू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे." मग उठून म्हणाली, "चला, कोरडी माती टाका आणि रूळ ओढा."

ओढला. संध्याकाळपर्यंत कोपरा दगडासारखा झाला आणि माझी कंबर त्याच्या उलट.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. बॅग ठेवली, मैदानावरून अनवाणी एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हं. बरंय."

"बरंय? चुकून चांगलं म्हणालीस तर जीभ झडेल का तुझी?"

"आधी खेळ, मग बोल, धाकटे."

खेळल्या. दोघींचे गुडघे वाजत होते, पण रिंग जाळीवरून अशी सटासट जात होती की शेजारी गच्चीवर खुर्च्या मांडून बसले. एका हाताने झेलायची, त्याच हाताने लगेच फेकायची. ताई रिंग खांद्याकडे दाखवत आणि पायाशी टाकत. ही धापा टाकत पोचे, झेले, हसे. गुण बरोबरीत येत गेले. शेवटच्या गुणाला ताईंनी रिंग अलगद जाळीजवळ सोडली. ही धावली. न घसरता धावली. बोटं लागली, पण रिंग निसटली.

ही खाली वाकून रिंगकडे बघत होती. मग मान वर केली.

"अगं ताई," ती म्हणाली, "तू खरंच चांगली खेळतेस!"

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आज कळलं तुला? घरात ढाल दिसली की सगळे म्हणतात, मैदान ओलं होतं ना! माझ्या नातवापर्यंत पोचलंय ते. मला कधी कुणी म्हणालंच नाही, की मी जिंकले."

"मग मी म्हणते ना. तू जिंकलीस. तेव्हाही, आणि आत्ताही."

ताईंनी पदराने डोळे टिपले आणि जाळीखालून वाकून हिला मिठी मारली. जाळी दोघींच्या मधे अडकली, त्यात ताईंचा चष्मा गुंतला, आणि सोडवताना दोघी इतक्या हसल्या की खालीच बसल्या.

"उठ," ही म्हणाली. "दुसरा डाव. आता मी बाजू बदलणार."

"आणि जेवण?" मी विचारलं.

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेलो. कांदा चिरता चिरता खिडकीतून ऐकू आलं, की दुसरा डाव हिने जिंकला.