अबोल्याची लाइन

माणसाचा मान कुठे अडकलाय हे कळलं की अर्धं काम झालं, असा प्रेमिला मेश्रामचा हिशेब होता. गणपतरावांचा मान त्यांच्या कॉलेजच्या नव्याकोऱ्या इमारतीत अडकला होता, गिरिधर सरांचा त्यांच्या विज्ञान संस्थेच्या दगडी भिंतींत. दोघंही प्राचार्य. गेल्या पोळ्यापासून दोघांत अबोला. कारण काय, तर एका सत्कारात हार आधी कोणाच्या गळ्यात पडला!

आणि प्रेमिलाला नेमका या दोघांचा मिळून होकार हवा होता. साल १९८७. उद्याची कॉम्प्युटरं एकमेकांशी कशी बोलतील, हे करून, मोडून, पुन्हा करून पाहायची एक सामायिक प्रयोगशाळा नागपुरात व्हावी म्हणून ही इलेक्ट्रॉनिक्सची लेक्चरर वर्षभर दिल्लीचे उंबरे झिजवत होती. आज संध्याकाळच्या गाडीनं सर्वांना मान्य असलेला आराखडा निघाला नाही, तर प्रयोगशाळा दुसऱ्या शहराला जाणार होती.

तिसरे भागीदार, खापरखेड्याच्या वीज केंद्राचे इंजिनिअर देवराव, दोघांच्या मधोमध बसले होते. बसवले होते म्हणा.

"देवराव, त्यांना सांगा," गणपतराव पंख्याकडे पाहत म्हणाले, "मशिनी आमच्याच इमारतीत राहतील."

देवरावांनी मान वळवली. "सर, मशिनी त्यायच्यापाशी राहतीन म्हणतेत."

"त्यांना विचारा, इमारत गळते त्याचं काय?"

"सर, गळते म्हणतेत."

"गळत नाही, पाझरते म्हणावं!"

निरोपांच्या या ये-जा करण्यात देवरावांचा चहा गार झाला. प्रेमिलाचा जीव टांगणीला लागला होता. आणि मग, देवरावांची मान पुन्हा एकदा वळली तशी ती ताडकन उठली. खुर्ची मागे कलंडली.

"थांबा! हेच तर आपल्याला पाहिजे!"

"काय झालं वं पोरी?" देवराव दचकले.

तिनं फळ्यावर तीन ठिपके काढले, ते रेघांनी जोडले आणि वरची रेघ बोटानं पुसून टाकली. "हे गणपतराव सर, हे गिरिधर सर. मधली लाइन तुटलेली. तरी निरोप पोचतोय ना? खालून, देवरावभाऊंकडून! सगळ्या मशिनी एका खोलीत ठेवून काय पाहणार आपण? तिघांकडे एकेक ठेवू. लाइनी आपणच मुद्दाम तोडू आणि निरोप कोणती वाट काढतो ते पाहू!"

"मायबाप!" देवराव म्हणाले. "आमची जिंदगी लाइन चालू ठेवण्यात गेली, अन् तू तोडाले बोलावून राहिली!" पण ते केव्हाच पुढे सरकून फळ्यापाशी आले होते. "बरं, अन् माही खापरखेड्याची लाइन तुटली तं?"

"तर या दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल."

दोन्ही प्राचार्यांनी फळ्यावरच्या पुसलेल्या रेघेकडे पाहिलं.

गिरिधर सर घसा खाकरून थेट गणपतरावांकडे वळले. "पहिली लाइन आम्ही तोडणार."

"तुम्ही काहून? आधी आम्ही!"

"आधी, आधी! हाराच्या वेळेसही तुमचं हेच!"

"तुमची दोघायची लाइन जुळली," देवराव उठत म्हणाले, "मी गरम चहा पिऊन येतो."

प्रेमिलानं तीन ठिपक्यांचा आराखडा पिशवीत सरकवला आणि स्टेशनसाठी रिक्षा बोलवायला धावली. पाळी कोणाची यावरून भांडणारा माणूस नकार देत नसतो, हे तिच्या हिशेबात पक्कं होतं.