खंडेनवमीच्या पाटावर

आमच्या सूनबाई, सौ. सुनेत्रा, कपाळाला मेण लावून त्यावर पिंजर रेखीत असत. अमेरिकेत आलेल्या आपल्याकडच्या बहुतेक मुलींनी चिकटणाऱ्या टिकल्या पत्करल्या होत्या, आणि त्यात गैर काहीच नव्हते. पण सुनेत्राला ही रीत माझ्या पत्नीने, कै. वसुधेने, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवली होती आणि तिने ती वेस्ट विंडसरच्या घरातही सोडली नाही. सकाळची गाडी गाठण्याच्या घाईत डबा विसरेल, छत्री विसरेल, पण देवघरातला कुंकवाचा करंडा उघडून, करंगळीशेजारच्या बोटाने आधी देवीला, मग स्वतःला कुंकू लावल्याशिवाय तिने उंबरठा ओलांडल्याचे मला स्मरत नाही. सांगलीला मी आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर येथे मुलाकडे येऊन राहिलो. निष्ठा या शब्दाचा अर्थ मुलांना समजावून सांगताना मला जे जमले नाही, ते या मुलीच्या एका बोटात होते.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती प्रयोगशाळेतून नेहमीच्या गाडीने परतली. स्टेशनाबाहेरच्या पार्किंगमध्ये अजून ऊन होते. तीन तरुण आडवे आले. कपाळाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडले, हसले. तिने वाट बदलली तेव्हा त्यांनी तिला ढकलले. उजवा हात अंगाखाली आला आणि मनगट मोडले. पर्सला कोणी हात लावला नाही. त्यांतला एक जण गुडघा टेकून तिच्याजवळ बसला आणि त्याने आपल्या तळहाताने तिचे कुंकू पुसले. मग ते निघून गेले.

इस्पितळात आलेला पोलीस अधिकारी अतिशय सभ्य होता. त्याने सारे लिहून घेतले. माझा मुलगा चारुदत्त त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता, "ही वाइप्ड इट ऑफ, ऑफिसर. ही वाइप्ड इट ऑफ."

"आय अंडरस्टँड, सर," तो म्हणाला.

त्याला ते कळण्याचे काही कारणच नव्हते. आपल्या भाषेत कुंकू पुसले गेले असे ज्या स्त्रीविषयी म्हणतात, तिचा पती या जगात उरलेला नसतो. आणि येथे तर पती खाटेशेजारी धडधाकट उभा होता, पत्नीचा डावा हात हातात धरून.

यथाकाल प्लास्टर निघाले. मनगटात जोर मात्र परत आला नाही. सुनेत्रा पुन्हा कामावर जाऊ लागली. चारू तिला मोटारीने सोडी आणि आणी. तिचे कपाळ मोकळेच राहिले. करंडा देवघरात मिटलेला होता. पूजेच्या वेळी देवीला मी वेगळ्या वाटीतले कुंकू वाहत असे, आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नसे.

अखेर एकदा जेवताना चारूनेच विषय काढला.

"निदान घरात तरी लाव ना, सुनेत्रा."

"घरात लावायचं म्हणजे आरशात बघायचं," ती म्हणाली. "आणि बघितलं की तो हात दिसतो."

"मग काय केलं म्हणजे लावशील?"

ती डाव्या हाताने पोळीचा तुकडा मोडीत होती. "भीती गेली की लावीन. लावायचं नाही असं म्हटलंय का मी?"

चारू इंजिनिअर आहे. कोणतीही अडचण समोर आली की तिच्यावरचे यंत्र कुठे मिळते, हे तो शोधू लागतो. आठवड्याभरातच त्याच्या टेबलावर पिस्तुलांची माहितीपत्रके दिसू लागली आणि रविवारी त्याचे मित्र डॉ. उल्हास चहाला आले. उल्हासराव मूळचे नागपूरचे, भूलतज्ज्ञ. त्यांच्या घरी बंदूक होती आणि हरणांच्या शिकारीला ते गोऱ्या स्नेह्यांबरोबर जात.

"अरे यार, हे शोभेचं महागडं काढून टाक आधी," ते पत्रके चाळीत म्हणाले. "पहिलं पिस्तूल स्वस्त आणि साधं असावं. सेमी-ऑटोमॅटिक घे. चाप ओढला की एक गोळी जाते, दुसरी आपोआप वर येते. वहिनींना फार डोकं चालवायला नको."

"माझं डोकं शाबूत आहे, उल्हासभावजी," सुनेत्रा स्वयंपाकघरातून म्हणाली. "मोडलाय तो हात."

"तेच तर! मी लोकांना झोपवतो आणि उठवतो. ह्याने झोपवलेला उठत नाही, एवढाच फरक." आपल्या विनोदावर कोणी हसले नाही हे पाहून ते ओशाळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, तुमचं काय मत? देवीच्या हातांत सुद्धा शस्त्रं असतातच की."

मी म्हणालो, "असतात. पण तिला ती तिच्या मनाविरुद्ध कोणी दिली नव्हती."

सुनेत्रा चहा घेऊन बाहेर आली. "मनाविरुद्ध नाही, मामंजी. मी हो म्हटलंय."

पिस्तूल घराच्या मालकिणीच्या नावावर असावे म्हणून परवान्यासाठी तिनेच अर्ज केला. दहाही बोटांचे ठसे द्यावे लागले. परत आली तेव्हा ती बराच वेळ मोरीशी हात चोळीत उभी होती. शाई निघता निघत नव्हती. ज्या बोटाने ती देवीला कुंकू लावी, त्याच्या पेरावर तर ती दोन दिवस राहिली.

परवाना भाद्रपदाच्या अखेरीस हाती आला. आम्ही चौघे उल्हासरावांच्या गाडीतून हमरस्त्यालगतच्या एका दुकानात गेलो. काउंटरमागे माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणे सावकाश. चारूने आपली गरज, आपले बजेट, निवडीचे निकष असे सारे सांगायला आरंभ केला. त्यांनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "वापरणार कोण?"

"माझी पत्नी."

"मग त्यांच्याशी बोलू या," ते म्हणाले आणि त्यांनी काचेवर एक मऊ फडके पसरले.

पहिले पिस्तूल सर्वांत स्वस्त होते, खेळण्यासारखे चकचकीत. "हे मी तुम्हाला दाखवलं, पण देणार नाही," ते गृहस्थ म्हणाले. "ऐन वेळी अडकतं. स्वस्त हवं ते ठीक, पण चालणारं हवं." दुसरे जुने, वापरलेले, परंतु उत्तम निगा राखलेले, काळेभोर आणि जड. चारूला ते पाहताक्षणी आवडले. त्याने त्याचे वजन तोलले, नेम धरण्याची खाच पाहिली, समाधानाने मान हलवली.

"आता बाईंना द्या. हा वरचा भाग मागे ओढायचा आणि सोडायचा. त्याशिवाय पहिली गोळी नळीत जात नाही."

सुनेत्राने डाव्या हातात पिस्तूल धरले आणि उजव्या हाताने वरचा भाग ओढू लागली. तो किंचित सरकला आणि जागच्या जागी परत गेला. तिने पुन्हा ओढला. ओठ घट्ट मिटले होते. मनगट थरथरू लागले, कपाळावर घाम आला. ज्या जागी कुंकू असायचे, नेमक्या त्या जागी तो चमकत होता.

"जोर लाव ना थोडा," चारू म्हणाला.

"लावतेय रे."

"हात बदलून बघ."

"चारू," मी म्हणालो. तो बाजूला झाला.

दुकानदारांनी तिच्या हातातून पिस्तूल अलगद काढून घेतले. कसे मोडले, कोणी मोडले, काही विचारले नाही. खालच्या कप्प्यातून त्यांनी तळहातात मावेल असे एक लहानसे पिस्तूल काढले. त्याच्या कडेचा खटका दाबला की नळीच मागच्या बाजूने वर उचलली जाई. गोळी बोटाने आत ठेवायची आणि नळी मिटायची. काही ओढावे लागत नव्हते. "ताकद कमी आहे ह्याची," ते म्हणाले, "पण तुमच्या हाताला हे ऐकेल."

सुनेत्राने खटका दाबला. नळी उघडली. तिने ती मिटली, पुन्हा उघडली. करंड्याचे झाकण उघडावे तितक्या सहजतेने ती ते करीत होती. चारूच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आले.

"पर्समध्ये बसेल," ती म्हणाली.

"नाही, मॅडम," दुकानदार म्हणाले. "हे घरात ठेवायचं. अंगावर बाळगण्याचा परवाना वेगळा असतो, आणि ह्या राज्यात तो साध्या माणसाला मिळत नाही म्हटलं तरी चालेल."

तिने चारूकडे पाहिले. आता ती मराठीत बोलली.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मला घरात कोणी मारलं नव्हतं, चारू."

उल्हासराव भिंतीवरच्या शिंगांकडे पाहू लागले. चारू फडक्याची घडी उलगडीत आणि पुन्हा घालीत राहिला. "मला दुसरं काही सुचलं नाही गं," तो म्हणाला. "काहीतरी तरी करू दे मला."

सुनेत्राने ती लहानशी वस्तू काचेवर ठेवली. मग इंग्रजीत दुकानदारांना म्हणाली, "हेच द्या."

घरी आल्यावर चारू वर गेला, तेव्हा मी तिला विचारले, "बाळ, का घेतलंस?"

"मामंजी, त्याला झोप लागत नाही. उठून उठून दाराची कडी बघतो. हे उशाशी असलं तर झोपेल बिचारा." आणि पुढे म्हणाली, "मीही प्रयत्न करीन. खंडेनवमीला करंडा उघडीन."

नवरात्र बसले. नवमीच्या सकाळी मी पाटावर वस्त्र घालून घरातली आयुधे मांडली. सांगलीहून आणलेली विळी, सुनेत्राची कात्री, चारूची आकडेमोडीची गणनपट्टी आणि कॅल्क्युलेटर, मोटारीची किल्ली, माझे टाकाचे पेन. चारूने सर्वांच्या शेजारी, गोळ्या काढून ठेवलेले, ते पिस्तूल ठेवले. परसातली झेंडूची फुले ताटात होती. चारू स्नान करून, सोवळे नेसून बसला होता. या घरात तो सोवळे वर्षातून दोनदा नेसे.

हत्यारांना कुंकू घरच्या सवाष्णीने लावायचे, ही आमची रीत. सुनेत्रा हिरवी साडी नेसून आली. तिने करंडा उघडला. एवढ्या महिन्यांनी पिंजरीचा तो परिचित वास देवघरात पसरला. मंत्र थांबू नये म्हणून मी क्षणभर डोळे मिटून घेतले.

तिने देवीला कुंकू लावले. विळीला लावले, कात्रीला, किल्लीला, माझ्या पेनला. पिस्तुलाच्या काळ्या नळीवर तिने बोट टेकले, तेव्हा तेथे वाटोळा, रेखीव ठिपका उमटला, अगदी तिच्या कपाळावर उमटे तसा. आता उरली ती एकटीच. तिने पुन्हा चिमूट घेतली, बोट उचलले आणि कपाळापर्यंत नेले.

चारू पाहत होता. मीही पाहत होतो. आम्ही पाहू नये एवढेही आम्हाला सुचले नाही.

बोट कपाळापासून तांदळाएवढ्या अंतरावर थांबले. तिचे डोळे घट्ट मिटले गेले आणि सारे अंग मागे सरले, कोणी समोरून हात पुढे केला असावा तसे. हात खाली आला. बोटावर कुंकू तसेच होते.

"नाही जमत," ती म्हणाली. मग त्या लाल बोटाकडे पाहून लहान मुलीसारखी मला विचारू लागली, "मामंजी, हे आता पुसू कुठे?"

  पदराला पुसावे, पाण्याने धुवावे. पण पुसणे हा शब्दच आमच्या घरात कोणाला उच्चारवत नव्हता, आणि तो तिने उच्चारला होता.

चारू गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्याने आपले कपाळ तिच्यापुढे वाकवले. तिने ते कुंकू त्याला लावले. मग त्याच्या ओल्या केसांवर हनुवटी टेकून ती रडली. पार्किंगमधल्या त्या संध्याकाळनंतरचे तिचे हे पहिले रडणे होते. मी उठून बाहेर आलो.

दसऱ्याला उल्हासराव सोने द्यायला आले. चारूने उशाजवळच्या कपाटाचा खण उघडून पिस्तूल दाखवले, तेव्हा म्हणाले, "अरे चारू, पोलादावर ही पावडर काय ठेवलीस यार? पाणी धरेल, गंजेल. पूस ती."

"पुसतो," चारू म्हणाला.

दिवाळीच्या साफसफाईत मी तो खण उघडला. ठिपका तसाच होता. त्याच्या कडेने गंज धरू लागला होता आणि कुंकू कोठे संपते, गंज कोठे सुरू होतो, हे माझ्या डोळ्यांना ओळखता येईना. जिन्याखाली, देवघराशी, सुनेत्रा कामावर निघालेली दिसत होती. चारू मोटार काढीत होता. तिने देवीला दुरूनच हात जोडले, मोकळ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि मला हाक मारून म्हणाली, "येते हं, मामंजी."

मी खण मिटला.