सोसणाऱ्या शब्दाची तक्रार

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही की कपाटात ठेवता येत नाही. मी एक जुना शब्द आहे. पेशंट.

माझा जन्म लॅटिन भाषेतला, 'सोसणे' या अर्थाच्या क्रियापदाच्या पोटी. सोसतो तो मी. पुढे फ्रेंचांच्या घरी वाढलो, इंग्रजीत स्थिरावलो आणि तिथून तुमच्या तोंडी आलो. पॅशन हा माझा चुलतभाऊ. तोही मुळात दुःखातलाच, पण आता जाहिरातींत मिरवतो. माझ्या नशिबी मात्र फिनेलचा वास. बाई असो की बुवा, 'पेशंट आला' म्हणून लोक मोकळे होतात. तेही मी चालवून घेतलं असतं. पण माझ्या आडून जे चालतं, त्याने जीव नुसता मेटाकुटीला येतो.

एका इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका होती. घरात पडून तिचं मनगट मोडलं होतं. डोक्यालाही मार लागला असेल म्हणून स्कॅन झाला, हाताला प्लास्टर घातलं आणि तेव्हापासून ती कुणाला धड उत्तरच देईना. जेवलात का विचारलं, तर नुसती बघत राही. मध्येच ओरडे, "हात दुखतोय माझा! काय चाललंय? मला कुणी सांगेल का?"

"स्कॅन चांगला आहे, पण पेशंट भ्रमात आहे," डॉक्टर तिच्या मुलाला म्हणाले. "या वयात होतं असं."

"मग अशा पेशंटला घरी एकटं कसं ठेवणार?" मुलगा म्हणाला. "वृद्धाश्रमातच चौकशी करतो."

हे सगळं तिच्या उशाशी उभं राहून! प्रत्येक वाक्यात मी, आणि एकही वाक्य तिच्याशी नाही. ती टक लावून त्यांच्या ओठांकडे बघत होती. अरे, जरा तिच्याकडे बघा, असं ओरडावंसं वाटत होतं मला. पण शब्दाला स्वतःचं तोंड नसतं ना! मी आतल्या आत चरफडत राहिलो.

संध्याकाळी डॉक्टर फेरीवर आलेले असतानाच तिची नणंद धापा टाकत आली. आल्या आल्या म्हणाली, "वहिनीचं कानातलं मशीन कुठंय?"

मुलगा उशी उचलून बघू लागला.

"अरे, त्याच्याशिवाय तिला ढिम्म ऐकू येत नाही! तू मुलगा ना तिचा?"

"स्कॅनच्या वेळी काढलं होतं," तो पुटपुटला. "मला वाटलं, परत घातलं असेल."

मशीन खाटेशेजारच्या खणात सापडलं, कापसात गुंडाळलेलं. नणंदेने ते कानात बसवलं. म्हातारीने डोळे मिटून घेतले. "केवढा गोंगाट आहे इथे," ती म्हणाली.

डॉक्टर पुन्हा मुलाकडेच वळले, "पेशंटला आता ऐकू येतंय का?"

"पेशंट इथे बसलीय," ती कडाडली. "त्या शब्दाचा इंग्रजीत आणखी एक अर्थ आहे. धीर धरणारा. जन्मभर वर्गात शिकवलाय मी तो. पण माझा धीर संपला आता. हे प्लास्टर आवळतंय, बोटांना मुंग्या आल्यात, कधीची सांगतेय!"

डॉक्टरांनी बोटं पाहिली. सुजून निळी पडत चालली होती. त्यांचा चेहरा उतरला. प्लास्टर तिथल्या तिथे कापून सैल केलं. उशीर झाला असता तर हात कायमचा जायचा.

सगळे गेल्यावर मुलगा स्टूल ओढून तिच्याजवळ बसला. वृद्धाश्रमाचं त्याने सांगितलं का, मला ठाऊक नाही. तो "आई" म्हणाला, तेव्हाच माझं तिथलं काम संपलं.

आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेपाशी पुन्हा तेच! "पेशंटला काही कळत नाही."

मित्रांनो, मला खुशाल वापरा. पण माझ्यामागे एक माणूस सोसत असतो. माझ्याविषयी बोलण्याआधी एकदा खाली वाका आणि त्यालाच विचारा.