पाच वाजेपर्यंतचे मौन

विक्रमला संघातून काढावे, ही आज्ञा रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आली. आणि ती आली तेव्हा विक्रम मैदानाच्या मधोमध उभा राहून चेंडू फेकत होता.

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावाच्या पश्चिमेला, हायवेच्या कडेला प्रेअरी क्रेन्स या छोट्या बेसबॉल संघाचे मैदान आहे. संघाचा जनरल मॅनेजर यशोधन याने ती ईमेल दोनदा वाचली. 'काढणे' हा शब्द तीत अर्थातच नव्हता. 'उतरत्या मालमत्तेचे वेळीच विसर्जन' असे लिहिले होते. माणसाला हाकलताना त्याचे नाव घ्यावे लागू नये, एवढ्यासाठी अख्खी परिभाषा जन्माला घालणाऱ्या आणि वर तिच्या पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठांविषयी यशोधनचे मत छापण्याजोगे नव्हते.

ईमेल देवांगची होती. देवांग संघाचा आकडेवारी-प्रमुख. वय एकोणतीस, आयुष्यात एकही चेंडू न फेकलेला. त्याचे संगणकी मॉडेल दर रविवारी तीन वाजता कौल देई. विक्रम चौतिसाचा झाला होता, चेंडूचा वेग दोन वर्षांत ताशी चार मैलांनी घटला होता. मॉडेलला तेवढे पुरले. लीगचा नियम असा की त्या रविवारी पाचनंतर ज्याचे नाव यादीत उरेल, त्याला हंगाम संपेपर्यंत काढता येत नाही. दुसरा नियम असा की काढल्याची चिठ्ठी जनरल मॅनेजरने स्वतः, समोरासमोर, हातात द्यायची.

यशोधनही एकेकाळचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. सोळा वर्षांपूर्वी त्यालाही अशीच चिठ्ठी मिळाली होती, पार्किंगमध्ये, त्याचे नाव वाचताना तीनदा अडखळलेल्या एका गृहस्थाच्या हातून. चिठ्ठ्या देणाऱ्या खुर्चीत एकदा तरी बसून दाखवायचे, असे त्याने तेव्हाच ठरवले. बसल्यावर कळले की चिठ्ठ्या वरून येतात, खुर्ची नुसते टपाल वाहते. एडिसन गावच्या विक्रमला संघात त्यानेच आणले होते. आज या पोराला काढले तर भर हंगामात चौतिसाच्या पिचरला दुसरा कोणताही संघ दारात उभे करणार नाही, हे त्याला देवांगच्या मॉडेलहून अधिक अचूक ठाऊक होते.

आणि तेवढ्यात त्याने फलकाकडे पाहिले. तिसरी इनिंग संपत आली होती आणि समोरच्या संघाच्या खात्यात हिट होत्या शून्य: एकाही बॅटरला फटका मारून बेस गाठता आला नव्हता.

बेसबॉलमध्ये एक प्रथा आहे. पिचरने अजून एकही हिट दिलेली नसेल, तर त्याच्याशी कोणी बोलत नाही. डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांवर, त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहतात, प्रशिक्षक आकाश न्याहाळू लागतो, आणि त्या शून्याचा उच्चार तर कोणी स्वप्नातही करत नाही. केला की हिट बसलीच. ज्या देशाने चंद्रावर माणूस उतरवला, तो देश या बाबतीत आपल्या पणज्यांच्या तोंडात मारील इतका सोवळा आहे.

यशोधनने चिठ्ठी छापली, सही केली, घडी घालून खिशात ठेवली आणि डगआउटच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. देवांगने विचारले तेव्हा त्याने अत्यंत कर्तव्यदक्ष चेहऱ्याने सांगितले की कागद तयार आहे. पण आता विक्रमशी बोललो तर उरलेले चोवीस खेळाडू मला मैदानातच पुरतील. वेड पांघरून पेडगावला जाण्याची कला कार्यालयात फार लवकर अवगत होते.

शून्य सातव्या इनिंगपर्यंत टिकले. चार चाळीसला देवांगचा संयम सुटला. त्याने थेट मालकांना, म्हणजे पशुखाद्यावर कोट्यधीश झालेल्या हॉल्व्हरसन यांना, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"सर, यशोधन चिठ्ठी देत नाहीये. कारण काय, तर म्हणे नो-हिटर चालू आहे."

 पलीकडून हॉल्व्हरसन अगदी हळू म्हणाले, "पोरा, तू तो शब्द उच्चारलास?"

त्याच क्षणी मैदानावर बॅटचा कडक आवाज झाला. चेंडू शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या क्षेत्ररक्षकाकडे सरपटत गेला, त्याच्या ग्लोव्हच्या टोकाला लागून उडाला आणि बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. घड्याळात चार एकेचाळीस झाले होते.

हॉल्व्हरसन यांनी देवांगची जी संभावना केली ती शेतीच्या जोडधंद्यांतून आलेली होती. शेवटी त्यांनी हुकूम दिला की फलकावर एक दिसला तर चिठ्ठी लगेच द्या. शून्य असेपर्यंत त्या माणसाच्या सावलीलाही शिवू नका.

आता सारे शशिकांतकाकांवर होते. बॅटरने हिट मिळवली की क्षेत्ररक्षकाने चूक केली, म्हणजे एरर, हे अधिकृत स्कोअरर ठरवतो. चूक ठरली तर शून्य कायम. काका मूळचे नागपूरचे, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. अकरा वर्षांत वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ त्यांनी घेतला नव्हता, आणि दिलेला निर्णय कधी फिरवला नव्हता. यशोधन जिने चढून त्यांच्या खोलीत पोहोचला तेव्हा त्यांचा हात माइककडे गेलेला होता. ओठांवर 'हिट' स्पष्ट दिसत होते.

विनवण्या केल्या तर काका उठून निघून जातील, हे यशोधन जाणून होता. पिचर असताना त्याचा हुकमी चेंडू एकच होता: हाताची फेक जोरकस, चेंडू मात्र संथ, बॅटर अधीर होऊन आधीच बॅट फिरवून बसे. तो मान डोलावत म्हणाला, "बरोबर आहे काका. उघड हिट आहे. यात विचार करण्यासारखं काहीच नाही."

काकांचा हात थांबला. "काहीच नाही?"

"शेंबडं पोरही सांगेल."

"शेंबड्या पोरांना स्कोअररचं लायसन्स देतात का रे?"

तेवढ्यात धापा टाकत देवांग आत आला, आणि यशोधनने आयुष्यभर ज्याची प्रार्थना केली असती ते वाक्य त्याने आपण होऊन उच्चारले. "काका, प्लीज लवकर डिक्लेअर करा. आमचं मॉडेल त्र्याऐंशी टक्के हिट म्हणतंय."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग देवांगला विचारले की हे त्र्याऐंशी कशातले, नमुना केवढा, त्यात डावखुरे किती, ओल्या गवतावरचे चेंडू वेगळे काढले होते का. देवांग म्हणाला की ते प्रोप्रायटरी आहे, बनवणाऱ्या कंपनीचे गुपित.

"म्हणजे तुलाही ठाऊक नाही," काका म्हणाले. "बस तिथं."

मग त्यांनी चारही कॅमेऱ्यांची चित्रे मागवली. एकेक चित्र थांबवून कोन मोजला. नियमपुस्तक उघडले, त्यातली उपकलमे वाचली, आणि मधूनच थर्मासमधला चहा ओतून घेत देवांगला विश्वासमर्यादा या विषयावर असे काही शिकवले की कोणत्याही महाविद्यालयाने त्याची फी आकारली असती. देवांग दर मिनिटाला घाई करी. दर घाईसरशी काका एक कलम मागे जात. यशोधन भिंतीला टेकून उभा होता, विद्यार्थ्यासारखा.

"पाचच्या आत सांगाल ना?" देवांगचा आवाज चिरकला.

"निर्णय खरा असावा असं लिहिलंय. लवकर असावा असं कुठंही नाही. सामना संपल्यावर चोवीस तासांची मुभा आहे मला." पाच वाजण्याशी कोणाचे काय बांधले आहे, याचा काकांना पत्ता नव्हता. कळले असते तर त्यांनी पाच सेकंदांत निकाल दिला असता.

पाच वाजून चार मिनिटांनी त्यांनी माइक ओढला आणि म्हणाले, "हिट."

फलकावर एक उमटला. स्टँडमधून हळहळ उठली. देवांग फोनवर काही टाइप करत खोलीबाहेर पडला. सोमवारी सकाळी यशोधनला मालकांसमोर उभे राहावे लागणार, एवढे त्यात निश्चित होते. यशोधनने खिशातली चिठ्ठी फाडून काकांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जिना उतरला.

सामना जिंकून विक्रम डगआउटमध्ये बर्फाची पिशवी खांद्याला बांधून बसला होता. आता त्याच्याशी बोलायला हरकत नव्हती. यशोधन शेजारी बसला आणि अभिनंदन म्हणाला.

"काँग्रॅट्स कशाचं, यार?" विक्रम उसळला. "तो एरर होता. सिंपल एरर. वीस मिनिटं घेतली आणि हिट दिली? वर बसलेल्या त्या काकांना कुणी काही बोलत कसं नाही? तू जीएम आहेस ना, तू काय करत होतास?"

"मी तिथंच उभा होतो."

"आणि काही म्हणाला नाहीस?"

"म्हणालो ना," यशोधन म्हणाला. "उघड हिट आहे म्हणालो."

विक्रमने बर्फाची पिशवी जमिनीवर आपटली आणि यशोधनच्या खेळाच्या ज्ञानाविषयी, नजरेविषयी व एकूण पात्रतेविषयी जे बोलायला सुरुवात केली, ते लॉकर रूमपर्यंत, तेथून पार्किंगपर्यंत चालू राहिले. हंगामाचे अजून अडतीस सामने उरले होते. त्या अडतीसही सामन्यांना तो हेच ऐकवणार, यात यशोधनला शंका नव्हती. आणि नियमाप्रमाणे आता त्याला काढताही येत नव्हते.