सातावरचा फ्रीज

शांताबाई गेल्या, तरी त्यांचा फ्रीज काही सुनेचा झाला नाही. शहाडच्या त्या चाळीत पहिला फ्रीज आला तो त्यांच्याकडे, आणि आल्या दिवशी थंडीची चकती त्यांनी सातावर नेली ती तिथेच राहिली. सात हा शेवटचा आकडा. "पाणी पिऊन दात ठणकले नाहीत तर फ्रीज कशाला? लाकडी कपाट घ्या," असं त्या म्हणायच्या. थोडं म्हणून त्यांना काही ठाऊकच नव्हतं. कालवणात तेल, नातीच्या डोक्याला खोबरेल, फ्रीजमध्ये सामान, सगळं ओसंडून वाहीपर्यंत. बाई मायाळू, पण मायेला माप नाही, आणि अशा माणसांपुढे कुणाचं काही चालत नाही.

त्या वारल्या, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. मग पावसाळा सरता सरता नातीला, आठ वर्षांच्या प्रियांकाला, म्हणजे घरातल्या पिंकीला, साखर निघाली. डॉक्टरांनी जेवणाआधी इन्सुलिन मोजून टोचायला सांगितलं, जास्त गेलं तर पोर दगावेल म्हणाले, आणि सुनेला, वैशालीला, बजावलं की हे फ्रीजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. एकदा गोठलं की ते औषध नाही, नुसतं पाणी.

तेव्हा कुठे वैशालीने कंबर कसली. फ्रीजचं बटण बंद करून बर्फ आपोआप वितळू दिला. आतून काय काय निघालं! कुठल्या लग्नातले कोण जाणे, बुंदीचे लाडू, सुक्या जवळ्याची पुडी, सुकून खडा झालेली अर्धी लिंबं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तिने कप्पे पुसले, दाराच्या रबराच्या चुण्यांतली काळी घाण जुन्या ब्रशने काढली, मागच्या जाळीवरची धूळ झाडली आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. आत हवा खेळेल एवढंच सामान ठेवलं. इन्सुलिन दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणापासून लांब. चकती तीनावर. फ्रीज इतका हलका चालायला लागला की हात लावल्याशिवाय कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चकती सातावर होती.

"अगं, पुसताना तुझाच हात लागला असेल," नवरा रत्नदीप म्हणाला. तो खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. बिघाड म्हणजे कुणाचा तरी हात लागलेला, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

"मी हातच नाही लावलेला. आणि पिंकी तर रात्रभर झोपलेली."

"मग काय भूत आलेलं? असलं काय बोलू नको हां. आपण मानतो का?"

मानत नव्हतेच. वैशालीही मानत नव्हती. तिने चकती पुन्हा तीनावर आणून वर चिकटपट्टी लावली. बाजारातून आली तर पट्टी सुटी करून, नीट घडी घालून फ्रीजच्या डोक्यावर ठेवलेली, चकती सातावर, आणि खणात बर्फ असा की महिनोन्‌महिने कुणी दार उघडलं नसावं. सोड्याने घासलेल्या फ्रीजला जवळ्याचा वास येत होता. दाराच्या कप्प्यातलं इन्सुलिन वरून तरी ठीक दिसलं, म्हणून तिने तेच वापरलं. इथे ती चुकली.

प्रियांकाला उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालायला लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं. "औषध गोठलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

पोरगी घरी आली, नवं इन्सुलिन आलं. दुपारची वेळ होती, रत्नदीप डेपोत, प्रियांका झोपलेली. वैशालीने चकती तीनावर ठेवली, फ्रीजचं दार उघडं टाकलं आणि समोर फतकल मारून बसली. उजेड लख्ख होता. तिच्या डोळ्यांदेखत चकती हलली. चार. पाच.

वैशाली बसल्या जागी मागे सरकली. ओरडावं तर पोरगी उठेल. आणि त्या भीतीतच तिला उमगलं की नातीचं दुखणं तर या गेल्यावर आलं. यांना सांगितलंय कुणी?

"आई," ती म्हणाली, आणि पदरात औषधाचं पेन घेऊन दाखवलं. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. आपल्या पिंकीला साखर झालीय. हे तिचं औषध. जास्त गार झालं की बाद होतं, मग पोरगी हातची जाईल. हे बघा, हा आकडा असा फिरवायचा, जेवायच्या आधी, पोटाला टोचायचं. तुमच्या पाया पडते, आता राहू द्या."

चकती थांबली. मग हळूहळू मागे फिरून तीनावर आली. जवळ्याचा वास ओसरला. वैशालीला हुंदका आवरेना. बिचाऱ्या! वाईट कुठे चिंतत होत्या? डोळे पुसत ती उठली, फ्रीजचं दार हलकेच लावलं आणि म्हणाली, "बरं, आई. या हं."

जाणाऱ्याला जा म्हणायची आपल्यात रीत नाही. माणूस उंबऱ्याकडे वळला की तोंडातून निघतं ते या. वैशालीच्याही तोंडून ते निघालं आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही.

त्यानंतर चकती जागची हलली नाही. प्रियांकाची साखर ताळ्यावर आली, गालांवर रंग चढला. "बघ, मी बोललेलो ना," म्हणून रत्नदीपने मिरवून घेतलं.

एका संध्याकाळी वैशालीने भाकऱ्या थापल्या, ताट वाढलं आणि इन्सुलिन घ्यायला फ्रीज उघडला. कप्पा रिकामा होता. ती बाहेरच्या खोलीत आली. प्रियांका फ्रॉक वर धरून कॉटवर शहाण्यासारखी बसली होती. शेजारी पेन, टोपण काढलेलं, सुई लावलेली.

"तू काढलंस?"

"नाही. आजीने."

वैशालीने पेन उचललं. ते बर्फासारखं गार होतं. पोरीला लागायचं सहा. पेनवरचा आकडा फिरवून फिरवून साठावर नेलेला होता, त्याच्यापुढे आकडाच नव्हता.

"आजी म्हणाली, एवढ्याशा औषधाने काय होतंय, पोर नुसती वाळलीय."

"कुठाय आजी?" वैशालीने विचारलं.

प्रियांकाने मोरीकडे बोट केलं. "हात धुऊन येते म्हणाली."

आत नळ वाहत होता. वैशालीने पेन मुठीत आवळलं, पोरीला ओढून पोटाशी धरलं आणि बाहेरच्या दाराकडे धावली. तिचा हात कडीला पोचायच्या आत नळ बंद झाला.